मुंबई बंदरात बोट टेकू नये म्हणून, आणि टेकलीच तर

मुंबई बंदराचं पाणी बारा महिने चहाच्या रंगाचं. मालवणला पाण्याकडे बघून खाली वाळू आहे की कातळ ते सांगता येतं. इथे वल्ह्याचं पातं हातभर बुडालं की दिसेनासं होतं. त्यामुळे रंगावरून उथळ पाणी ओळखायची सवय असेल तर ती गेटवेच्या पायऱ्यांवरच ठेवून निघा. इथे उपयोगाला येतं ते घड्याळ. भरती चालू आहे की ओहोटी, आणि ती सुरू होऊन किती तास झाले, ही दोन उत्तरं तोंडावर असलेला माणूस सहसा टेकत नाही (बोट तळाला लागून अडकणं म्हणजे टेकणं), आणि टेकला तरी सुटतो.

पुढचं सगळं लहान बोटींसाठी आहे: शिडाची बोट, स्पीडबोट, मचवा, साधारण मीटर-दीड मीटर ड्राफ्टपर्यंत, म्हणजे बोटीचा तळ पाण्याखाली तेवढा खोल.

तिथी, तक्ता आणि संध्याकाळचे सहा

मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीत साधारण साडेतीन ते पावणेचार मीटरचा फरक पडतो, मोठ्या उधाणात चारच्याही वर जातो. भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, हाच फरक दीड मीटरवर येतो. म्हणजे अष्टमीला ज्या जागेवरून निर्धास्त गेलात, तिथेच आठवड्याने त्याच उंचीचं पाणी मिळेल असं धरू नका.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आजही चालतो. पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला पूर्ण भरती. दिवसा एकदा, रात्री एकदा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांच्या आत-बाहेर. हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकतो, म्हणून तो फक्त मनाशी ताळा करायला वापरा. निघताना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली अपोलो बंदराची वेळ आणि उंची, दोन्ही कागदावर लिहून घ्या. फोनवर नको, कागदावरच. फोन नेमका बोट टेकल्यावर पाण्यात पडतो.

आता या हिशेबातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि तीच बहुतेकांना भोवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बारा-एकला आणि मध्यरात्री. म्हणजे पुरी ओहोटी पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास. उधाण सर्वांत मोठं असतं ते पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, तेव्हा हीच वेळ सातकडे सरकते. दुपारी भरपूर पाण्यातून घारापुरीला किंवा मांडव्याला गेलेली मंडळी परत निघतात ती दिवेलागणीला, म्हणजे पाणी सगळ्यात कमी आणि उजेडही जाता. शहराचे दिवे पाठीमागे असले की बोयांचे (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे) दिवे त्यांत हरवतात ते वेगळंच. उधाणाच्या दिवशी सहल असेल तर परतीची वेळ आधी ठरवा, जेवणाची नंतर.

दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची मोठी, थंडीत रात्रीची. फरक अर्धा मीटरसुद्धा असतो. बोट सोडवायची वेळ आली की हा अर्धा मीटर कुठे गेला ते कळतं.

नकाशातला आकडा आणि आजचं पाणी

समुद्राच्या नकाशावर लिहिलेली खोली ही जवळपास सर्वांत कमी ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. तक्त्यातली भरतीची उंचीही त्याच पातळीपासून. म्हणून दोन्हींची सरळ बेरीज करायची. नकाशात ०.३ मीटर आणि या क्षणी भरती २.६, तर पाणी २.९ मीटर. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला उघडी पडते आणि तो आकडा वजा करायचा. रेघ असलेला १.२ आणि भरती २.६ म्हणजे पाणी फक्त १.४.

मधल्या तासांचं पाणी काढायला बारा भागांचा नियम पुरतो. एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. समजा दुपारी १२.३० ला ४.४ मीटर भरती आणि १८.४० ला ०.८ ओहोटी. फरक ३.६, एक भाग ०.३. साधारण १३.३० ला ४.१, १४.३० ला ३.५, १५.३५ ला २.६, १६.३५ ला १.७, १७.४० ला १.१.

तुमच्या बोटीचा ड्राफ्ट १.२ मीटर. त्याखाली शांत पाण्यात किमान अर्धा मीटर मोकळं ठेवा, म्हणजे १.७ हवे. वाटेतली सर्वांत उथळ जागा नकाशात ०.३ असेल तर भरती १.४ च्या खाली जायच्या आत ती ओलांडायला हवी, म्हणजे पाचच्या आत. लाट असेल तर तिची निम्मी उंची आणखी मिळवा, कारण दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बोट तेवढीच खाली जाते. मग पाच नव्हे, साडेचार धरा. बाकी अर्धा तास इंजिन सुरू न होण्यासाठी राखून ठेवावा हे उत्तम.

अॅपमधल्या नकाशाची एक खोड: दूरवरून बघितला तर लहान खडक आणि उंचवटे दिसतच नाहीत. पूर्ण मार्ग एकदा मोठा करून, बोटाने सरकवत बघा आणि मगच रेघ मारा.

खोली मोजायचं सामान

ध्वनीने खोली दाखवणारं यंत्र काय दाखवतं ते आधी तपासा. काही यंत्रं पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतात, काही तळाला बसवलेल्या बटणापासून, काही कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, खालून. जे असेल ते पट्टीवर लिहून पडद्याखाली चिकटवा. धक्क्याला असताना काठीने मोजून आकडा जुळवा. मुंबईच्या गाळात यंत्र फसतंही. वरचा पातळ गाळ म्हणजे तळ असं ते समजतं, आणि खाली प्रत्यक्षात अजून बोटभर जागा असते. ही चूक आपल्या बाजूची आहे, तिच्यावर हिशेब बांधू नका.

म्हणून सोबत काठी हवीच. तीन मीटरचा सरळ बांबू घ्या, दर पंचवीस सेंटिमीटरला तांबडा-पांढरा रंग मारा, आणि खालच्या टोकाला तळहाताएवढी लाकडी चकती खिळवा. चकती नसली की बांबू गाळात दीड हात घुसतो आणि खोली भरपूर आहे असं सांगतो. खोल पाण्यासाठी दीड-दोन किलोचं शिसं लावलेली दोरी, वावाच्या, म्हणजे दोन हात पसरल्याएवढ्या अंतराच्या, खुणा बांधलेली. शिशाच्या खालच्या खळग्यात साबणाचा मऊ गोळा भरा. वर काढल्यावर राखाडी चिखल चिकटला असेल तर बोट टेकली तरी रुतेल. वाळू किंवा शिंपल्याचे तुकडे असतील तर टणक बसेल. साबण स्वच्छ आणि दबलेला आला तर खाली कातळ आहे, तिथून मागे फिरा.

कुठे काय आहे

दक्षिणेकडून येताना पहिला अडसर प्राँग्जचा. कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात गेलेल्या खडपाच्या टोकाशी १८७५ सालचं दीपगृह उभं आहे, आणि मोठ्या ओहोटीला तिथपर्यंत पायी जाता येतं. एवढं कळल्यावर दीपगृह आणि कुलाबा यांच्या मधून ‘शॉर्टकट’ काढायचा विचार मनात येऊ नये. ७ ऑगस्ट २०१० ला टक्कर होऊन कललेलं एमएससी चित्रा हे कंटेनर जहाज याच भागात टेकलं, त्याचे कंटेनर पाण्यात पडले आणि दिवसेंदिवस बंदरातली ये-जा अडली. आत आल्यावर डॉल्फिन रॉक आणि सनक रॉक, दोन्हींवर दीपगृहं. दीपगृह म्हणजे तिकडे या असा दिवा नाही, इथून लांब राहा असा आहे. गेटवेसमोर मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक इथे खडकही आहेत आणि नौदलाची मनाईही, तेव्हा दोन्ही कारणांनी लांबून जा.

पूर्वेकडे खडक कमी, गाळ फार. घारापुरीचा धक्का पाण्यात इतका लांब का बांधला हे ओहोटीला बघितलं की समजतं. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर गाळ भरल्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचनाही ओहोटीला खोळंबावं लागतं. न्हावा, करंजा आणि रेवसकडची खाडीची तोंडं याच जातीची. शिवडीचा चिखल ओहोटीला मैदानासारखा पसरतो. रोहित (फ्लेमिंगो) तिथे उभे दिसले तर खालचं पाणी फार तर त्यांच्या पायांएवढं असतं, आणि बगळा उभा असेल तर त्याहून कमी. पक्षी पोहतो आहे की उभा आहे हे दुर्बिणीतून बघायला दहा सेकंद लागतात.

पश्चिमेला बॅक बे, मलबार पॉइंट, वरळी, वांद्रे इथे किनाऱ्यालगत काळा कातळ आहे आणि बराचसा भरतीत बुडालेला. २४ ऑक्टोबर २०१८ ला नियोजित शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट बुडालेल्या खडकावर आपटली आणि एक जीव गेला. गाळावर टेकलेली बोट तास वाया घालवते. कातळावर वेगात गेलेली बोट फुटते. म्हणून किनाऱ्यालगत पश्चिमेला वेग नकोच.

पावसाळ्यानंतर गाळाचे उंचवटे जागा बदलतात, विशेषतः धक्क्यांच्या तोंडाशी आणि खाड्यांमध्ये. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली फेरी चढत्या भरतीत करा, काठी हातात घेऊन. चढत्या पाण्यात टेकलात तर पाणीच उचलून देतं. गेल्या वर्षी जीपीएसमध्ये जपून ठेवलेली रेघ ही गेल्या वर्षीच्या तळाची आहे.

बोयांचे नियम थोडक्यात. बंदरात आत येताना तांबडे डाव्या हाताला, हिरवे उजव्या. काळा-पिवळा बोया धोक्याची दिशा सांगतो. डोक्यावरचे दोन्ही शंकू वर टोक करून असतील तर त्याच्या उत्तरेकडून जा, खाली असतील तर दक्षिणेकडून. बूड एकमेकांना लागलेली असतील तर पूर्वेकडून, टोकं एकमेकांकडे असतील तर पश्चिमेकडून. काळा, मध्ये तांबडा पट्टा आणि वर दोन काळे गोळे म्हणजे नेमक्या त्याच जागी धोका आहे. मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट ही उथळाची खूण नाही, ते खोल पाण्यातही असतात. त्यांच्यापासून लांब राहायचं ते दोर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाऊ नये म्हणून.

मोठ्या जहाजांची वाट त्यांची. न्हावा-शेव्याला जाणारी जहाजं पंधरा मीटरपर्यंत पाण्यात बुडालेली असतात आणि खोदलेल्या वाटेबाहेर त्यांना जाताच येत नाही. वीस मीटरहून लहान बोटीने त्यांच्या आड यायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. तुम्हाला तीन मीटर पाणी पुष्कळ, तेव्हा वाटेच्या कडेबाहेरून जा. फक्त बाहेरून जाताना कोपरा कापायचा मोह आवरा. बहुतेक लहान बोटी टेकतात त्या अशाच कोपऱ्यांवर.

टेकायच्या आधी बोट खुणा देते. इंजिनाचा आवाज तोच, पण वेग कमी होतो. मागची बाजू खाली बसते आणि मागून येणारी लाट उंच, उभी होते. पाठीमागचं पाणी दाट राखाडी दिसू लागतं. यातलं एकही दिसलं की गिअर मोकळा करा आणि आल्या वाटेने परता. यंत्राचा आकडा बघून खात्री करायला थांबू नका.

टेकली. आता?

पहिलं काम इंजिन गिअरमधून काढणं. घाबरून पूर्ण जोराने मागे घेण्यात तीन नुकसानं आहेत. पंखा गाळ उडवून तो इंजिनाच्या थंड पाण्याच्या नळीत ओढतो, आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापतं. सुकाणू मागच्या उंचवट्यावर आदळून वाकतं. आणि कातळावर असाल तर भोक नसलं तरी पडतं.

दुसरं, माणसं मोजा, मग फळ्या उचलून तळात पाणी येतंय का बघा. पाणी येत असेल आणि खाली कातळ असेल तर बोट ओढून सोडवू नका. टेकलेली बोट बुडत नाही, सुटलेली फुटकी बोट बुडते. भोक आतून गादी, कापड, फळी असं काहीही लावून दाबा, पंप चालू करा, आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३. लाइफजॅकेट एव्हाना सगळ्यांच्या अंगात असायला हवीत.

तिसरं, घड्याळ आणि कागद. पाणी चढतं असेल तर घाई नाही. एक लहान नांगर खोल बाजूला टाका म्हणजे चढतं पाणी बोट आणखी आत ढकलणार नाही, आणि चहा करा. पाणी उतरतं असेल तर हाताशी मिनिटं आहेत. वरच्याच उदाहरणात ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी मिनिटाला दीड सेंटिमीटर उतरतं. दहा मिनिटं वाद घातला की पंधरा सेंटिमीटर गेले, आणि त्यानंतर ती बोट माणसांच्या जोराने हलत नाही.

म्हणून उतरत्या पाण्यात क्रम हा. एकजण काठीने चारही बाजूंना खोली मोजतो आणि खोल बाजू ओरडून सांगतो. बहुधा ती तुम्ही आलात तीच असते, पण मोजा. नाळ (बोटीचं पुढचं टोक) टेकली असेल तर सगळ्यांना मागे पाठवा, मागची बाजू टेकली असेल तर पुढे. खोल कील असलेली शिडाची बोट असेल तर सगळ्यांना एका कडेला बसवा. बोट कलली की कील वर येते आणि काही सेंटिमीटर मिळतात. पाण्याची पिंपं रिकामी करा. मग हलक्या जोरात मागे घ्या, सुकाणू मध्यावर ठेवून. गाळाने धरलं असेल तर माणसांनी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पळून बोट डोलवावी. गाळाची पकड ओढण्यापेक्षा डोलवण्याने लवकर सुटते.

तरीही हलली नाही तर नांगर. लहान नांगर डिंगीतून (लहान होडीतून), डिंगी नसेल तर दोन लाइफबॉयवर ठेवून, खोल बाजूला तीस-चाळीस मीटर लांब न्या. नायलॉनचा बारा मिलिमीटर दोर पुरतो. दोर लांब हवा, आखूड दोराने नांगर तळ सोडून उचलला जातो. विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या चक्रीवर) घ्या, ताठ करा, आणि शेजारून जाणाऱ्या बोटीची लाट आली की त्या क्षणी ओढा. दुसरी बोट ओढायला आली तर दोर लहानशा खुंटीला बांधू नका. ती उपटून गोळीसारखी मागे येते. मजबूत बोलार्डला (दोर बांधायच्या जाड खांबाला) किंवा पूर्ण बोटीभोवती फास घेऊन बांधा, आणि दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

पंधरा मिनिटांत सुटली नाही तर थांबा. आता प्रयत्नांनी फक्त इंजिन आणि पंखा जातील.

वाट बघणं

किती वेळ बसावं लागेल ते सोपं आहे. पुरी ओहोटी व्हायला जेवढा वेळ बाकी, साधारण तेवढाच नंतर पुन्हा लागतो. वरच्या उदाहरणात १४.३० ला टेकलात तर ओहोटी १८.४० ला, म्हणून बोट २२.५० च्या सुमारास तरंगेल. सरोवरातल्या बंदरात ही सोय नाही. तिथे भरती नसते, टेकलेलं जहाज माल उतरवून हलकं करावं लागतं. इथे समुद्र ते काम फुकट करतो, फक्त त्याच्या वेळेने.

अपवाद एकच, आणि तो वाईट. उधाणाच्या भरतीच्या अगदी माथ्यावर टेकलात तर पुढची भरती तेवढी उंच येणार नाही, आणि बोट भांगेत अडकून पंधरवडा काढेल. एमटी पवित हे सोडून दिलेलं जहाज ३१ जुलै २०११ ला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, जुहू-वर्सोव्याच्या वाळूत येऊन बसलं आणि ऑगस्टच्या मध्यात नारळी पौर्णिमेच्या उधाणातच निघालं. म्हणून उधाणाच्या माथ्यावर अनोळखी जागी शिरू नका, हवं तर दोन तास आधी शिरा.

बोट उघडी पडणार असेल तर ती उथळ, उंच बाजूकडे कलू द्या. उलट कलली तर येणारं भरतीचं पाणी सरळ डेकवर चढतं. माणसं आणि सामान त्या बाजूला हलवून ते साधतं. जिथे टेकेल तिथे फेंडर, जुने टायर, गादी घाला. पाण्यात उघडणारे सगळे नळ बंद करा, गॅसची टाकी बंद करा, बॅटऱ्या आणि डिझेलचे कॅन बांधा, टाक्यांच्या हवेच्या नळ्या तपासा. बोट पन्नास अंशांत झोपली की सांडायचं ते सांडतंच. खोल बाजूचा नांगर पक्का ठेवा, भरती आल्यावर बोट आणखी वर ढकलली जाऊ नये म्हणून.

चिखलात उतरू नका. शिवडी-न्हाव्याकडच्या गाळात माणूस मांडीपर्यंत जातो, ओढून काढायला दोघं लागतात, आणि पाणी चढतं तेव्हा बारा भागांच्या नियमानेच चढतं. उन्हात झाकून बसा, पाणी प्या.

बारा मीटरहून मोठी बोट असेल तर दिवसा एकाखाली एक तीन काळे गोळे, रात्री नांगराचा पांढरा दिवा आणि एकाखाली एक दोन तांबडे दिवे लावणं बंधनकारक आहे. लहान बोटीला गोळ्यांची आणि तांबड्या दिव्यांची सक्ती नाही, पण पांढरा दिवा लावाच. रात्री मासेमारीच्या बोटी त्याच अंधारात परतत असतात.

सुटल्यावर

तरंगली की लगेच पळू नका. खोल पाण्यात नांगर टाकून तळ पुन्हा बघा, टेकलेली असताना बंद राहिलेली चीर आता उघडते. इंजिनाच्या पाण्याची गाळणी उघडून साफ करा, मग चालू करा, आणि बाहेर पडणारी पाण्याची धार पूर्वीइतकी आहे का बघा. बारीक असेल तर इंजिनाच्या पाण्याच्या पंपातल्या रबरी पंख्याच्या पात्या तुटल्यात, आणि तुटलेले तुकडे नळीत पुढे कुठेतरी आहेत, तेही शोधून काढावे लागतात. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. वेग वाढवल्यावर बोट थरथरली तर पंख्याचं पातं वाकलंय किंवा दांडा, तेव्हा हळूच घरी या. कीलचे बोल्ट असतील तर त्यांच्या कडेला आतून ओलावा किंवा गंजाचा ओघळ दिसतोय का ते आठवडाभर रोज बघा. जिथे टेकलात ती जागा, त्या वेळची भरती आणि काठीने मोजलेली खोली वहीत लिहा.